धीरपट्टी

सोलापुरात उन्हाळ्यात दिवसा काम करणं बंद झालं, तेव्हा पहिल्यांदा सगळ्यांना ती सुट्टीच वाटली. उष्म्याचा कायदा आला होता. पारा एका हद्दीच्या वर गेला की कारखान्याचं दार उघडायचं नाही, आणि ती हद्द सकाळचा चहा संपेपर्यंतच ओलांडलेली असायची. मग माग रात्री चालू लागले. दिवस मावळला की भोंगा, उजाडलं की घरी. बाजार, दवाखाने, लग्नं, सगळं हळूहळू रात्रीकडे सरकलं. लहान पोरांची झोप तेवढी सरकली नाही. ती रात्रीच झोपायची. त्यांचे आईबाप मागावर असताना त्यांना कुणी बघायचं, म्हणून रात्रघरं निघाली.

अंबादास येमूल टॉवेलच्या कारखान्यात विणकर होता. बायको सुजाता आदल्या वर्षी काविळीनं गेली. मागं मुलगी राहिली, भुवना, सहा वर्षांची. तेलुगू घरांत लाडाच्या लेकराला म्हणतात तसं तिला सगळे बुज्जी म्हणत. शेजारच्या खोलीत अंबादासची पेद्दम्मा, म्हणजे थोरली चुलती, राहायची. पण तिला डोळ्यांनी अंधुक दिसायचं आणि गुडघे तर कधीचेच धरले होते. रात्री तिलाच कुणीतरी उठवून बसवावं लागे. म्हणून बुज्जी रात्रघरात झोपायची.

सुजाताच्या दिवसांतच तिच्या भावानं विषय काढला होता. तो तेलंगणात, सिरसिल्ल्याला असायचा. "पोरगी आमच्याकडं दे भाऊजी. माझ्या दोघींत तिसरी. तू रात्रभर मागावर, हिला कोण बघणार?"

"रात्रघर आहे," अंबादास म्हणाला होता.

"आणि रात्रघरानं नाही म्हटलं तर?"

"तर मग बघू."

तेव्हापासून ते 'तर मग' त्याच्या छातीवर बसून होतं. बुज्जी गेली तर त्या खोलीत परत येण्याजोगं काही उरणार नव्हतं.

होळीच्या सुमारास एका सकाळी तो रात्रघराच्या दाराशी गेला, तर माळगे बाई हातात गाठोडं घेऊन उभ्या होत्या. बाई रात्रघर चालवायच्या. दोन मदतनीस आणि दालनभर पोरं, असा त्यांचा संसार.

"येमूल, हे घ्या. पुन्हा."

"पाणी सांडलं असेल बाई."

"असं रोज पाणी सांडत नाही. मी चार पोरं वाढवलीत." बाईंनी आवाज खाली आणला, कारण बुज्जी त्यांच्या मागंच मान घालून उभी होती. "मी तिला बोलले नाही हं. पण बंद दालन, गार हवा, एकाचं ओलं झालं की शेजारच्यांना त्रास. बाहेर पोरं रांगेत आहेत. अंथरुणात करणारं ठेवायचं नाही, हा नियम माझा नाही."

बुज्जी चौथ्या वर्षापासून कोरडी झोपायची. आता अचानक हे. घरी आल्यावर पेद्दम्मानं बिड्या वळायचं सूप बाजूला सारलं आणि पोरीला मांडीवर घेतलं.

"आईला हुडकते झोपेत. सापडत नाही, मग होतं. तू ओरडू नको हं अंबादास."

"मी कुठं ओरडलो?"

"तोंडानं नाही. कपाळानं ओरडलालास."

बुज्जी हसली. मग बापाला म्हणाली, "नाना, पाणी."

त्यानं तांब्या दिला. तिनं तो पुरा संपवला आणि पुन्हा पुढं केला. त्यात कुणाला काही वाटलं नाही. बाहेर वारा भट्टीतून आल्यासारखा येत होता. त्या दिवसांत सोलापुरात तहान लागली नसती, तरच कुणी दखल घेतली असती.

*

अंबादासनं कारखान्यातून सेकंडचे टॉवेल आणले होते. विणताना धागा चुकला की तो टॉवेल दुकानात जात नाही, कामगारांना नेऊ देतात. ते त्यानं बुज्जीखाली घालायला काढले. ओले झालेले तो सकाळी दोरीवर टाकायचा. पाण्याचा टँकर आला की मग धुवायचे. टँकर येईतो उन्हात ते पापडासारखे वाळायचे. एका सकाळी एक टॉवेल त्यानं हातात घेतला, तर तो ताठ होता. मधोमध एक मोठा डाग, हात लावला की किंचित चिकट. कडेला मुंग्यांची बारीक रांग.

अंबादासच्या घरात तीन पिढ्यांनी सूत हाताळलं होतं. ताण्याचा धागा तुटू नये म्हणून त्याला खळ देतात. रासायनिक खळ आता बंद झाली होती आणि पुन्हा चिंचोक्याचीच शिजू लागली होती. वाळली की ती अशीच ताठ होते, ओल लागली की चिकटते, आणि तिला मुंग्या लागतात. माल विणून झाला की धुलाईत ती काढून टाकायची असते. त्याच्या अंगठ्यानं डाग चोळला आणि अंगठ्यानंच निकाल दिला. धुलाई कच्ची राहिली.

संध्याकाळी भोंग्याआधी त्यानं धुलाई खात्याच्या इरण्णाला गाठलं.

"का बे इरण्णा, टॉवेल धुतोस का नुसता पाण्याला दाखवतोस?"

"काय झालं?"

"सगळी खळ तशीच आहे. वाळला की पत्रा होतोय."

"सेकंडच्या मालाला अत्तर लावून देऊ का आता?" इरण्णा तंबाखू मळत म्हणाला. "फुकटचं नेतो आणि वर तक्रार करतो. धुतलंय रे व्यवस्थित, मी स्वतः होतो."

"मग हे काय आलं?"

"तुझ्याच हाताला लागली असेल खळ. जन्मल्यापासून आहे."

दोघं हसले आणि आपापल्या जागी गेले. खळ माहीत नसलेल्या माणसाला कदाचित प्रश्न पडला असता. अंबादासला पडला नाही, कारण उत्तर त्याच्याकडं आधीच होतं.

*

माळगे बाईंनीच धीरपट्टीचं सुचवलं. एका कंपनीनं ती नुकतीच बाजारात आणली होती आणि रात्रघरांना वापरायला दिली होती.

लघवीची पिशवी भरत आली की ती मेंदूला निरोप धाडते. मोठं माणूस त्या निरोपानं जागं होतं. काही पोरांची झोप इतकी गाढ असते की निरोप दारापर्यंत येतो, पण दार उघडत नाही. शिवाय रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून मेंदू एक द्रव्य रक्तात सोडतो, ते काही पोरांत उशिरा सुटू लागतं. कुणाची पिशवी लहान असते, कुणाचं पोट साफ नसल्यानं तिच्यावर दाब येतो. यात पोराचा दोष नाही आणि बहुतेकांचं वय वाढलं की थांबतं. जुन्या काळी ओल लागताच वाजणारी घंटी असे. धीरपट्टी वाजत नव्हती. बेंबीखाली चिकटवलेली तिची पातळ चकती ध्वनिलहरींनी पिशवी मोजत राहायची. घोट्याजवळून जी नस वर कण्यात जाते, तिला बारीक थरथर दिली तर पिशवी शांत होते, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. पिशवी भरत आली की घोट्याचा पट्टा थरथरायचा. पोर झोपलेलं राहायचं, पिशवी थांबून राहायची. रात्र कोरडी गेली की सकाळी खाटेच्या पायथ्याशी हिरवा ठिपका पेटायचा, ओली गेली की लाल, बापाच्या फोनवरही.

पट्टी एवढंच बघायची, पिशवी भरली का. ती का भरली, हे तिला कुणी विचारायला शिकवलं नव्हतं.

"लावण्याआधी डॉक्टरला दाखवायचं असतं," माळगे बाई म्हणाल्या. "दाखवलंत ना?"

दवाखाने रात्री उघडायचे आणि रात्री अंबादास मागावर असायचा. "दाखवलं," तो म्हणाला.

पहिल्याच सकाळी हिरवा ठिपका आला. बुज्जी दारातून धावत आली, टॉवेल झेंड्यासारखा हलवत. "नाना, कोरडं!"

त्यानं तिला उचललं. ती हलकी लागली. आनंदात माणसाला सगळंच हलकं लागतं.

मग मध्येच एकदा लाल ठिपका आला, मग पुन्हा एक. माळगे बाईंनी पट्ट्याचा जोर वाढवला आणि सांगितलं, "संध्याकाळनंतर पाणी बंद करा. एवढं पितं का कुठं पोर? दिवसा प्यायचं तेवढं पिऊ दे, दिवस कलला की एक घोट नाही. अजून लाल आले तर माझा नाइलाज आहे, येमूल."

अंबादासनं पाणी बंद केलं. दिवस कलला की तो माठावर ताट झाकून वर पाटा ठेवायचा. बुज्जी माठासमोर बसून राहायची. रडायची नाही. एका संध्याकाळी तो डबा भरत होता आणि खोलीत फार शांत झालं, म्हणून त्यानं वळून पाहिलं. बुज्जी कूलरच्या मागं पालथी पडली होती. टाकीचं झाकण सरकवून, त्या हिरवट पाण्यात तोंड घालून ती पीत होती.

त्यानं तिला खेचून काढलं आणि पाठीत धपाटा घातला. आयुष्यातला पहिला.

"सिरसिल्ल्याला जायचंय का तुला? मामाकडं? जायचंय?"

"नाही," बुज्जी म्हणाली. हनुवटीवरून पाणी गळत होतं. ते तिनं जिभेनं चाटून घेतलं.

पेद्दम्मा भिंतीला धरून दारात आली होती. "पाण्यावरून मारतात का रे कुणी लेकराला?"

"तू सांभाळणार का रात्री तिला? सांग. सांभाळणार का?"

म्हातारी भिंत धरत परत गेली. पण त्या दिवसापासून ती बुज्जीला बोलावून आपल्या हातांनी चाचपायची. "खांदे कसले झालेत हिचे, हँगर झालाय नुसता," असं म्हणायची. अंबादास म्हणायचा, उन्हाळ्यात पोरं वाळतातच. रात्रघरात घोट्याचा पट्टा सैल व्हायला लागला. पोरांनी ओढून ओढून ताणला, असं म्हणत मदतनीस बाईनं तो आतल्या भोकात घातला, मग आणखी आतल्या.

आणि ठिपके सगळे हिरवे येऊ लागले. शेवटी शेवटी तर पट्ट्याला थरथरावंही लागत नव्हतं. तिच्या अंगात बाहेर टाकायला पाणीच उरलं नव्हतं, हे हिरव्या ठिपक्यात दिसत नव्हतं.

*

त्या सकाळी बुज्जी दाराशी आली नाही. माळगे बाईंनीच तिला उचलून आणलं.

"झोप पुरी झाली नाही वाटतं. पोट दुखतंय म्हणत होती. पण कोरडी आहे हं, एकदम कोरडी."

अंबादासनं तिला खांद्यावर घेतलं. ती भरभर, खोल श्वास घेत होती, धावून आल्यासारखी. तोंडाला वास येत होता, फार पिकलेल्या केळ्यांचा. रस्त्यात तिनं दोनदा ओकलं. ओठ फुटले होते.

"बुज्जी. ए बुज्जी. पाणी देऊ?"

तिनं डोळे उघडले, पण ते त्याच्यावर थांबले नाहीत.

चौकात उष्माघाताचा तंबू होता. उन्हाळाभर असे तंबू जागोजाग असायचे. आत खाटा, पंखे, आणि एक परिचारिका, तबस्सुम सिस्टर. तिच्याकडं सकाळपासूनच सगळ्या खाटा भरत आल्या होत्या. तिनं बुज्जीची पापणी वर केली, कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली.

"किती वाळलीय पोरगी. पाणी पीत नव्हती का?"

"पीत होती."

"लघवी कशी होते? फार होते का? रात्री उठते, अंथरुणात करते, असं काही?"

अंबादासच्या मागं रांग होती, रांगेत त्याच्या गल्लीतली माणसं होती. तंबूतलं सगळं कागदावर चढतं आणि ते रात्रघरापर्यंत जातं, असं कारखान्यात बोललं जायचं.

"नाही," तो म्हणाला. "कधीच नाही. बघा." त्यानं फोन पुढं धरला. हिरव्या ठिपक्यांची सरळ रांग.

सिस्टरनं त्या रांगेकडं पाहिलं आणि मान हलवली. "उन्हाचंच आहे मग." तिनं सुई लावली, बाटली टांगली आणि पुढच्या खाटेकडं गेली.

अंबादास खाटेच्या कडेला बसला. खांद्यावरचा टॉवेल त्यानं मांडीवर घेतला होता. नळी जोडताना बाटलीतलं थोडं पाणी त्यावर सांडलं होतं. तंबूत झळा येत होत्या. तो बुज्जीच्या तोंडाकडं बघत होता आणि विणकराची बोटं असतात तशी त्याची बोटं आपोआप कापड चाचपत होती.

अंगठा थांबला.

ओल वाळली होती. त्या जागी टॉवेल ताठ झाला होता. किंचित चिकट. अंगठ्यानं पुन्हा तोच निकाल दिला, खळ. पण हा टॉवेल नवा होता, पहिल्या प्रतीचा, त्यानं विकत घेतलेला, इरण्णाच्या धुलाईतून त्याच्यासमोर धुऊन निघालेला. यात खळ नव्हती.

"सिस्टर," तो उठून उभा राहिला. "ह्या बाटलीत काय आहे?"

"सलाइन आहे दादा. बसा तुम्ही."

"सलाइनमध्ये काय आहे?"

"मीठ आणि साखर. ताकद येते."

तो टॉवेल धरून तसाच उभा राहिला. दोरीवरचे सगळे टॉवेल त्याच्या डोळ्यांपुढून गेले. डाग, मुंग्या, इरण्णाचं हसणं. मग तो बोलला, आणि रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू गेलं.

"मी खोटं सांगितलं. ती अंथरुणात करत होती. रोज. खूप. ती लघवी वाळली की असं होतं, हे बघा, असं. साखरेसारखं. मी तिला पाणी दिलं नाही. ती कूलरमधलं पाणी पीत होती."

सिस्टर धावत आली. तिनं आधी नळीची चावी बंद केली, मग बुज्जीच्या बोटाला टोचलं. छोट्या यंत्रावर आकडा आलाच नाही. साखर त्याच्या मोजणीपलीकडं गेली होती.

"मीही आधी टोचायला हवं होतं," ती गाडीला फोन लावताना स्वतःशीच म्हणाली. "हिरवं बघितलं आणि थांबले."

*

मोठ्या दवाखान्यात डॉक्टर हंचाटे मॅडमनी त्याला बाकावर बसवून सांगितलं. पोटातली एक ग्रंथी इन्सुलिन तयार करते. त्याच्या जोरावर साखर रक्तातून अंगात शिरते. काही मुलांचं शरीर स्वतःच त्या ग्रंथीवर उलटतं, हा मुलांतला मधुमेह. मग साखर रक्तातच साचते, मूत्रपिंडं ती लघवीतून फेकू लागतात, आणि साखर एकटी जात नाही, सोबत पाणी ओढून नेते. म्हणून लघवी, म्हणून तहान. अंगाला साखर मिळत नाही, ते चरबी जाळतं आणि रक्त आंबट होतं. तो श्वास, तो वास, त्याचा.

"हे तुमच्यामुळे झालेलं नाही. आईच्या आठवणीनंही नाही," मॅडम म्हणाल्या. "आधी नीट कोरडं झोपणारं मूल अचानक अंथरुणात करू लागलं, तर ते मूल काहीतरी सांगत असतं. कधी मनातलं, कधी पोटातलं. आधी ऐकायचं असतं. तुम्ही लोकांनी ते थांबवलंत."

"जगेल का?"

मॅडमनी सरळ पाहिलं. "साखर खाली येतेय. पण पाणी फार कमी झालं होतं, मूत्रपिंडं बंद पडलीत. आत्ता सोनोग्राफी केली, पिशवी रिकामी आहे. आपण पाणी देतोय. त्यांनी पुन्हा काम सुरू केलं तर लघवी होईल. झाली तर ती वाचते. संध्याकाळपर्यंत नाही झाली, तर पुण्याला न्यावं लागेल रक्त धुवायला, आणि ती एवढा प्रवास सोसेल असं मला वाटत नाही. तिच्याखाली कापड घाला. ओलं झालं की लगेच सांगा."

त्यानं आपल्या खांद्यावरचा टॉवेल तिच्याखाली घातला.

दुपारी सिरसिल्ल्याहून फोन आला. पेद्दम्मानं कळवलं होतं. मेव्हणा एवढंच म्हणाला, "मी निघालोय."

"ये," अंबादास म्हणाला. "ती जगली, तर तू म्हणशील तिथं राहील. तुझ्याकडं ठेव. मी मधूनमधून बघून जाईन."

"पाणी पी तू आधी," मेव्हणा म्हणाला आणि फोन ठेवला.

मग माळगे बाई आल्या. हातात बुज्जीचं सामान होतं, चपला, कंगवा. त्या खाटेपाशी येऊन उभ्या राहिल्या. बुज्जीच्या घोट्यावर पट्ट्याची खूण होती, पांढरी, रुतलेली. बाईंची नजर तिथून हलेना.

"अंबादास," त्यांनी त्याला पहिल्यांदाच नावानं हाक मारली. "माझ्याकडं दालनभर हिरवे ठिपके आहेत."

"माहिताय."

"त्यातलं कुठलं हिरवं खरं, हे मला कसं कळायचं?"

अंबादास म्हणाला, "पाणी किती पितात, विचारा. कूलरच्या मागं कोण जातं, बघा."

"आज सगळ्यांच्या पट्ट्या काढते. ओलं होऊ दे काय व्हायचं ते." त्या वळल्या, पण गेल्या नाहीत. भिंतीपाशी जमिनीवर बसून राहिल्या.

दिवस उतरू लागला. बाहेर कारखान्यांच्या दारांत माणसं जमायची वेळ होत आली होती. अंबादासनं डावा हात बुज्जीच्या पाठीखालून सरकवला होता. तळवा टॉवेलवर सपाट ठेवला होता. टॉवेल कोरडा होता. मघाशी कोरडा होता, आताही कोरडा होता. दोन महिने तो ज्या कोरडेपणासाठी देवापुढं उदबत्ती लावत आला होता, तो हाच. चांगला विणलेला होता, ताणा घट्ट, कुठं धागा चुकलेला नव्हता. तो तिच्या कानाशी वाकला.

"बुज्जी. कर, बाळा. इथंच कर. कुणी काही म्हणणार नाही."

तिचे ओठ हलले नाहीत. यंत्र टिकटिक करत होतं. दूर पहिल्या पाळीचा भोंगा झाला. दारातून मॅडम आत येताना दिसल्या, हातात पुण्याच्या गाडीचे कागद होते. त्यांनी खुणेनं विचारलं. अंबादासनं मान हलवायला सुरुवात केली, नाही म्हणून, आणि मध्येच थांबवली.

तळव्याखाली काहीतरी बदललं होतं. आधी त्याला वाटलं, आपल्याच हाताचा घाम. मग ते पसरलं. बोटांच्या फटींतून आलं, मनगटापर्यंत गेलं, गरम.

"मॅडम," तो म्हणाला. हात त्यानं काढला नाही.